शेपटी तुटलेला मासा पुन्हा वर चढला

आमच्या शेजारचे भाऊजी धरणावर मासे मोजतात. हसू नका, पक्की नोकरी आहे. धरणाच्या कडेला माशांना वर चढायला पायऱ्यांचा पाट बांधलाय. त्याच्या काचेसमोर स्टुलावर बसायचं आणि मासा वर गेला की बटण दाबायचं. घरात बायकोची हाक ऐकू येत नाही, पण गढूळ पाण्यातली शेपटी बरोबर दिसते.

मासे घटल्यामुळे नदीवर मासेमारी बंद होती; भाऊजींचा आकडा वाढला तरच बंदी उठणार होती. यंदा मात्र बटण दाबून दाबून भाऊजींचा अंगठा दुखायला लागला. गल्लीतून असे चालायचे, जणू सगळे मासे यांच्याच मांडीवर वाढलेत. मेहुण्याचं पोट मासेमारीवर, त्याला छातीठोकपणे सांगितलं, "जाळी काढ. सोमवारच्या बैठकीत बंदी उठलीच म्हणून समज." मेहुण्याने होडी रंगवायला घेतली.

आणि रविवारी ती तुटकी शेपटी दिसली. सकाळी वर गेलेली, दुपारी पुन्हा वर निघालेली. असेल जुळा भाऊ, अशी भाऊजींनी समजूत घातली. संध्याकाळी जुळा भाऊ पुन्हा हजर. मग मात्र ते धरणाच्या माथ्यावर गेले. वर पाणी ढिम्म. धारेच्या उलट पोहणाऱ्या माशांना धारच सापडेना. घुटमळत ते सांडव्याकडे सरकायचे, पाण्याबरोबर खाली पडायचे आणि पुन्हा पायऱ्या चढायचे. भाऊजी तेच ते मासे मोजत होते.

मागच्या बोळाने घरी आले. वहिनींनी विचारलं, "असं तोंड का? कोण गेलं?"

"माझी अब्रू," म्हणाले आणि न जेवता आडवे झाले.

गप्प बसावं, तर बंदी उठून उरलेसुरले मासेही जाळ्यात जाणार. सोमवारी बैठकीत जमिनीकडे बघत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे एकच मासा आम्ही कितीदा तळायचा होता?"

सगळे हसले. मेहुणा हसला नाही. नखांतला रंग खरवडत एवढंच म्हणाला, "दाजी, कालच सांगायचं होतं. होडीला दुसरा हात तरी दिला नसता."

बंदी राहिली. धरणाचा जवळचा रस्ता मेहुण्याच्या दारावरून जातो. दारात निळीशार होडी उपडी पडलीय. भाऊजी हल्ली टेकडीला वळसा घालून कामावर जातात. कोणी विचारलं तर सांगतात, तेवढाच व्यायाम होतो.