नमलॉकचा दिवा

नवी चादर उलगडली की खळीचा वास येतो आणि सोलापुरातला तो कारखाना आठवतो. चादरीच्या नक्षीसाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडणारं यंत्र तिथे सी भाषेत लिहिलेल्या एका जुन्या प्रोग्रॅमवर चालायचं. संगणक बिघडला, म्हणून तो प्रोग्रॅम नव्या संगणकावर आणायचं काम माझ्याकडे आलं. त्यातली एक ओळ थेट मेमरीतल्या एका पत्त्यावर आकडा लिहायची. नव्या संगणकाला असं परस्पर शिरणं चालेना, प्रोग्रॅम तिथेच कोसळायचा. शोधलं, तर तो पत्ता कीबोर्डवरच्या नमलॉकच्या दिव्याचा निघाला. तो कशाला लावत असतील? काही कळेना, म्हणून मी ओळच उडवली. यंत्र झकास चाललं, पहिला पुठ्ठा पुरा होऊन थांबलं, पण पुठ्ठे बदलणाऱ्या अक्का जागच्या हलेनात. "झालं की, काढा आता!" मी ओरडलो. शेजारच्या मागांच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. अक्का कानाशी येऊन म्हणाल्या, "दिवा लागल्याबिगर आत हात कसा घालू?" मी खाली बसलो आणि दुसऱ्या वाटेने तो दिवा पुन्हा लावला. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मी कधी पाहिलं नाही. पण आजही नमलॉकचा दिवा लागला की वाटतं, ती ओळ लिहिण्याआधी तो त्या खडखडाटात येऊन अक्कांच्या बोटांकडे बघत उभा राहिला असणार.