दोन गाठींची सुतळी

माझे पप्पा नरकात जाणार, हे मला बाराव्या वर्षी कळलं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि नाशिक रोडच्या आमच्या चर्चमध्ये तीन दिवस उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास नव्याने जागवायच्या सभा, होत्या. मंडळीतली निम्मी माणसं नोटांच्या प्रेसमध्ये कामाला. बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकांना हे कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून एक नोट काढून वर धरली. म्हणाले, प्रेसमध्ये न छापलेली नोट कितीही देखणी असली तरी खोटीच, आणि विश्वास नसलेल्या माणसाची सत्कर्मंही तशीच. न्यायाच्या दिवशी ती कुणी हातात धरणार नाही. प्रेसवाले काका लोक खूश होऊन हसले. मी बायकांच्या बाजूने मान वळवून पुरुषांच्या शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तिथे पप्पा बसले होते.

पप्पा प्रेसमध्येच सुतार होते, पण मंडळीत त्यांची ओळख वेगळी होती. कुणी वारलं की पहिला निरोप पाळकसाहेबांना जायचा आणि दुसरा आमच्याकडे, कारण शवपेटी पप्पा करायचे. आम्ही तिला नुसतं पेटी म्हणायचो. लाकडाचं, कापडाचं ते काहीच घेत नसत. फारच आग्रह झाला तर कपभर चहा. माप टेपने कधी घ्यायचे नाहीत. सुतळी घेऊन जायचे, डोक्याशी एक गाठ, पायाशी एक गाठ, आणि परत यायचे. मग मागच्या अंगणात फळ्या कापायच्या, वरून काळं कापड ठोकायचं, त्यावर पांढऱ्या फितीचा क्रूस. काम झालं की ती सुतळी त्याच पेटीत पायाशी ठेवून द्यायचे. एकाच्या मापाची सुतळी दुसऱ्याला वापरायची नाही, हा त्यांचा नियम. मी त्या सुतळीच्या गुंड्याला हात लावत नसे. शेजारच्या मुलींनी एकदा दोरीवरच्या उड्यांसाठी तो मागितला तेव्हा मी अशी किंचाळले, की आईने पाठीत दोन धपाटे घातले.

इतकं सगळं करणारा माणूस प्रभुभोजन मात्र घेत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे ओळीने पुढे जाऊन कठड्याशी गुडघे टेकायचे, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचे. पप्पा शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसून राहायचे. साक्ष द्यायची वेळ आली की एरवी तोंडातून शब्द न काढणारी माणसंही उभी राहून देवाने आपल्यासाठी काय काय केलं ते सांगायची. पप्पा तेवढ्यात बाहेर जाऊन सायकलची हवा बघायचे. आईला विचारलं तर म्हणायची, तू तुझं बघ. तोवर मला हा त्यांचा स्वभाव वाटत होता. उपदेशकांनी नोट वर धरली आणि सगळं जुळलं. पेट्या म्हणजे सत्कर्मं, प्रभुभोजन नाही म्हणजे विश्वास नाही, आणि विश्वास नाही म्हणजे तारण नाही.

पुढचे काही आठवडे मी जशी घाबरले, तशी नंतर क्वचितच घाबरले असेन. पप्पांना प्रेसमधून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभी राहायची. रस्त्यावर ट्रक फार, आणि त्यांचं तारण अजून व्हायचं होतं. त्यांना खोकला आला की मी मनात देवाला सांगायची, आत्ता नको, थोडे दिवस थांब. शेवटी दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या, वर्गात मी पाळकसाहेबांना आडून विचारलं, की एखादा माणूस खूप चांगला असेल पण त्याचा विश्वास नसेल, तर? आमचे म्हातारे पाळकसाहेब दिंडोरीकडचे, द्राक्षबागांमध्ये वाढलेले. म्हणाले, घड दिसतो, मूळ दिसत नाही. मुळाची चौकशी बागवानावर सोडावी. उत्तर चांगलंच होतं. पण घाबरलेल्या मुलीला चांगलं उत्तर नको असतं, तिला हो किंवा नाही हवं असतं.

मग मी ती चूक केली. चर्चच्या दाराशी प्रार्थनेच्या विनंत्यांचा एक लाकडी खोका होता, तोही पप्पांनीच केलेला. त्यात चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही, आणि पाळकसाहेब उपासनेत ती विनंती देवापुढे ठेवायचे. चिठ्ठ्या आधी वाचून, कुणाची ओळख पटेल ते वगळून ते बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी वहीचं पान फाडून लिहिलं, ‘माझे पप्पा सगळ्यांच्या पेट्या करतात, पण त्यांचा विश्वास नाही. ते मरायच्या आधी त्यांचं तारण व्हावं.’ खाली नाव नाही म्हणून मी निर्धास्त. सगळ्या मंडळीत पेट्या करणारा माणूस एकच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

त्या रविवारी पाळकसाहेब तापाने आजारी होते. त्यांच्या जागी पंच कमिटीतले एक काका उभे राहिले आणि त्यांनी खोक्यातल्या चिठ्ठ्या एकेक उघडून, खणखणीत आवाजात, जशाच्या तशा वाचल्या. ‘सगळ्यांच्या पेट्या करतात’ इथवर आल्यावर ते अडखळले, पण सुरू केलेलं वाक्य अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. सगळ्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या आणि तिथून माझ्याकडे. आईने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. पप्पा आता उठून जातील, पुन्हा चर्चची पायरी चढणार नाहीत, आणि ते नरकात गेले तर माझ्यामुळेच जातील, एवढंच मला कळत होतं.

ते उठले नाहीत. शेवटच्या गीतापर्यंत बसले. घरी रविवारचं मटण होतं, ते मी ताटात तसंच ठेवलं. चारच्या सुमारास त्यांनी मला मागच्या अंगणात हाक मारली. मला वाटलं, आता मार. त्यांनी मला कधीच मारलं नव्हतं, त्यामुळे ते कसे मारतात याचीही कल्पना नव्हती, आणि म्हणून भीती जास्त.

पप्पा रंध्याचं पातं घासत बसले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, तुझ्या आधी तुला एक भाऊ होता, ठाऊक आहे ना? ठाऊक होतं. आठ महिन्यांचा होऊन तो तापात गेला होता. घरात त्याचं नाव निघत नसे. पप्पांनी त्या दिवशी मला पुढचं सांगितलं. तेव्हा मंडळीच्या पेट्या करणारा म्हातारा सुतार नेमका गावाला गेला होता. बाजारातली पेटी मोठ्या माणसाच्या मापाची. म्हणून त्यांनी आपल्या हातांनीच पेटी केली. शेवटचा खिळा ठोकताना त्यांनी देवाला सांगितलं, की आजपासून तुझ्या हातचा घास मी खाणार नाही. आणि त्याच दिवशी ठरवलं, की ह्या मंडळीत दुसऱ्या कुठल्या बापावर स्वतःच्या लेकराची पेटी ठोकायची वेळ येऊ द्यायची नाही.

मी रडत विचारलं, “म्हणजे तुमचा देवावर विश्वास नाही?”

“राग हाय माझा त्याच्यावर,” पप्पा म्हणाले. “जो नाहीच, त्याच्यावर कुणी रागावतं का?”

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. मी उलट जास्तच घाबरले. विश्वास नसलेला माणूस एखाद्या सभेत उभा राहून विश्वास ठेवू शकतो. पण ज्याने देवाशीच अबोला धरलाय, त्याची समजूत कुणी काढायची? आणि समजूत निघण्याआधीच ट्रक आला तर?

ट्रक आला नाही. माझं दृढीकरण झालं, नोकरी लागली, लग्न होऊन मी पंचवटीत राहायला गेले. पप्पा निवृत्त झाले, पेट्या करत राहिले. पहिल्या रविवारी कठड्याशी गुडघे टेकून मी तुकडा तोंडात घालायची तेव्हा दर वेळी शेवटचा बाक आठवायचा आणि घास कोरडा लागायचा. त्यांच्याशी हा विषय पुन्हा काढायची माझी छाती झाली नाही.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी त्यांच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्या खाटेशी बसले होते. तेव्हाचे नवीन पाळकसाहेब संध्याकाळी प्रभुभोजन घेऊन येतो म्हणाले होते. तो निरोप पप्पांना सांगताना माझा आवाज बारा वर्षांच्या मुलीचा झाला. पप्पा म्हणाले, आत्ता भ्यालोय म्हणून घेतलं, तर देवाला काय वाटेल?

त्यांनी उशीखालून खिळ्यांची एक जुनी डबी काढली. आत सुतळी होती. पिवळी पडलेली, तीन-सव्वातीन वितींची, दोन्ही टोकांना गाठी. प्रत्येकाची सुतळी त्याच्या पेटीत ठेवणाऱ्या माणसाने ही एकच, माझ्या भावाची, ठेवली नव्हती.

“माझ्या पेटीत ठेव,” ते म्हणाले. “भेटला की त्याला देईन.”

आयुष्यभर मी ज्यांच्या साक्षीची वाट पाहिली होती, ते सुतळी कुणाला द्यायची ते सांगत होते, शेजारच्या गल्लीत निघाल्यासारखे. पण त्यांची नजर स्थिर नव्हती. त्यांनी माझं मनगट धरलं आणि अगदी हळू विचारलं, “तो तिथंच असणार, ते पक्कं. मला घेतील का आत?”

पप्पांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं त्यांच्यासाठी भिण्याचं काम मी एकटीच करतेय, असं मी समजत होते. उपदेशकांची नोट आठवली, म्हाताऱ्या पाळकसाहेबांचं ते मूळ आठवलं, आणि दोन्ही त्या खाटेशी काही उपयोगाची नव्हती.

“घेतील, पप्पा,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

संध्याकाळी पाळकसाहेब आले तेव्हा औषधाने पप्पांना गुंगी आली होती. पाळकसाहेबांनी खाटेशी प्रार्थना केली आणि भाकरीचा डबा तसाच परत नेला. ऑपरेशननंतर पप्पा पुरते शुद्धीवर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

त्यांचं माप मी घेतलं, त्यांच्यासारखंच सुतळीने, डोक्याशी एक गाठ, पायाशी एक गाठ. पेटी प्रेसमधल्या त्यांच्या दोन जोडीदारांनी आमच्याच अंगणात केली. झाकण लावायची वेळ झाली तेव्हा मी भावाच्या छोट्या सुतळीचं टोक पप्पांच्या मोठ्या सुतळीला बांधलं आणि दोन्ही पायाशी न ठेवता पप्पांच्या मुठीत दिली. लोक वाट पाहत होते, म्हणून गाठ घाईतच मारली.

मी अजूनही पहिल्या रविवारी कठड्याशी जाते आणि अजूनही घाबरते. पाळकसाहेब माझ्या हातावर तुकडा ठेवतात तेव्हा मनात एकच येतं, की घाईघाईत मारलेली ती गाठ घट्ट बसली होती ना.