अपेक्षित उत्तर

स्क्रीनवर हिरवा रंग दिसला की मला आता शिसारी येते.

राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. तिथं आम्ही एक साधन बनवतो: मजकूर कसा लिहिला जातो याचे नियम त्याला दिले, की तो मजकूर वाचणारा प्रोग्रॅम ते स्वतःच तयार करून देतं. ते नीट चालतंय का हे बघायच्या चाचण्या सांभाळणं माझं काम. शेकडो छोट्या फायली आणि प्रत्येकीशेजारी तिचं अपेक्षित उत्तर. जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल. लाल दिसलं की आमच्याकडं चूक कुणी शोधत नाही. एक कमांड आहे, ती मारली की आज जे उत्तर आलं तेच अपेक्षित म्हणून लिहिलं जातं. विद्यार्थ्यानं जे खरडलं तीच आदर्श उत्तरपत्रिका मानायची, असला हा घाणेरडा प्रकार. नव्या लोकांना मी यावरून शिस्तीचे डोस पाजायचो.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी नवी आवृत्ती द्यायची होती आणि चाळीसेक चाचण्या लाल. पहिल्या पाच-सहा उघडून बघितल्या, नुसता मोकळ्या जागांचा फरक होता. बाकीच्यांचंही तेच असणार, म्हणून कमांड मारली आणि जेवायला गेलो.

पंधरवड्यानं कागल एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला. तिथल्या धातू कापणाऱ्या लेथचे प्रोग्रॅम आमच्याच साधनानं बनवलेलं सॉफ्टवेअर वाचून मशीनकडं पाठवायचं. कापणारं टूल पन्नास मिलिमीटर मागं यायला हवं होतं, ते केसभर मागं आलं आणि तसंच जाऊन मशीनवर आदळलं. ऑपरेटरनं आकडा चुकीचा भरला म्हणून त्याला कामावरून काढायचं चाललं होतं. आम्ही फक्त दुजोरा द्यायचा. मी प्रोग्रॅम मागवून बघितला. पन्नासच्या पुढं दशांशाचं टिंब होतं. टिंब असलं तर मशीन आकडा मिलिमीटर धरतं, नसलं तर त्याचा हजारावा भाग. आमचं सॉफ्टवेअर ते टिंब गिळत होतं. नेमकी याचीच एक चाचणी होती, मीच लिहिलेली. तिचं बरोबर उत्तर पुसून चुकीचं बसवलं होतं, तेही मीच, त्या शुक्रवारी.

आमच्या मोठ्या साहेबांना सांगितलं. दुरुस्ती गुपचूप पाठवा, कागलला जाऊन तोंडी काय ते बोला, पण लिहून काही देऊ नका, असं त्यांचं म्हणणं.

सुपरवायझरच्या केबिनमध्ये ऑपरेटर उभा होता, मलकापूरकडचा चाळिशीचा माणूस. टेबलावर त्याचा माफीनामा. चूक आमची आहे म्हणालो, तर तोच मला समजावायला लागला.

"न्हाय वो साहेब, माझीच नजर चुकली असंल. मी टिंब दिलतंच न्हाय बगा. कंप्युटर कशाला खोटं बोलंल?"

दिलं होतं. मी लॅपटॉपवर दाखवलं. तरी तो मान हलवत राहिला. चार दिवस सगळ्यांनी मिळून सांगितल्यावर त्याच्या डोक्यातलंही बरोबर उत्तर पुसलं गेलं होतं.

सुपरवायझरनं कोरा कागद पुढं सरकवला. "मग तसं लिहून द्या की. ह्येला आजच कामावर घेतो."

मी पेन उघडलं, आणि माझी फाटली. ऑफिसला विचारून कळवतो, असं पुटपुटलो. सुपरवायझरनं माफीनामा फायलीला लावला.

ऑपरेटर डब्याची पिशवी घेऊन निघाला. दारात थांबून, एवढ्या लांबनं आपल्यासाठी आलात म्हणून त्यानं मला हात जोडले. आणि मी म्हणालो, "असू दे, असू दे."