खांबाला गोंद

दुसरीकडे दुरुस्त होऊन आलेल्या गाडीचं दार उघडायचं, वाकून पत्र्याच्या कडेला नाक लावायचं आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "छी! सूंघो बाबूजी, सूंघो." ही त्याची पद्धत. मग मलाही वाकावं लागे. आत पत्रे चिकटवायच्या गोंदाचा उग्र वास, त्यात गंजाचा आणि कुणीतरी सांडलेल्या लस्सीचा.

तो डेंटर होता, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणारा. मी विम्याचा सर्व्हेअर, दुरुस्ती पाहून सही करणारा. गुडगावात तेव्हा काचेची, थंडगार वर्कशॉप्स निघत होती, आणि गाझियाबादच्या एका टपरीवजा गॅरेजातून त्यातल्याच एका वर्कशॉपच्या मॅनेजरने त्याला तिथे उचलून आणलं होतं. नव्या गाड्या नुकत्याच रस्त्यावर आल्या होत्या. लोक त्या चालवत कमी आणि ठोकत जास्त होते. त्या काळात तुम्ही दिल्लीत असाल तर सांगायला नको.

जुना वेल्डिंगवाला, तेव्हा गोंदाच्या नावाने बोटं मोडत असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दाराच्या बाहेरच्या पत्र्याला तो स्वतः गोंद लावायचा, अगदी निगुतीने. "यहाँ आग लगाओगे तो कल ज़ंग खाएगा," म्हणायचा. त्याला किळस होती ती कुठे काय लागतं हे न बघता काम उरकणाऱ्यांची.

गाडीच्या कंपनीचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक इंग्रजीत होतं आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. माझ्या प्रत्येक फेरीला तो हात धुऊन ते पुस्तक माझ्यापुढे ठेवायचा. मी हिंदीत सांगायचो, इथे गोंद, इथे वेल्डिंग, इथे दोन्ही. तो खडूने गाडीवर खुणा करायचा. माझ्या शब्दावर इतका विश्वास माझ्या घरातही कुणी ठेवला नाही.

एका दुपारी एका पांढऱ्या गाडीचा दोन दारांमधला खांब जोडायचा होता. वेल्डिंग करायचं तर सीटा, काचा, आतलं अस्तर सगळं काढा, म्हणजे आणखी दोन दिवस. गिऱ्हाईकाला गाडी त्याच संध्याकाळी हवी होती. मॅनेजर माझ्या कानाशी लागला, "सर, चिपका देते हैं. देखने में बिल्कुल फ़र्क नहीं पड़ेगा." मला चार वाजता नव्या सोसायटीतला फ्लॅट बघायला जायचं होतं. तेवढ्यात डेंटर पुस्तक घेऊन आला. "बाबूजी, खंभे का पन्ना पढ़ दो."

खांब फक्त वेल्डिंगनेच जोडावा, असं त्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं. नाहीतर बाजूने धडक बसली तर तो सुटेल. मी ते वाचलं आणि म्हणालो, "गोंद चलेगा."

तो थांबला. "किताब में है?"

"हाँ, है."

"फिर ठीक है." आणि त्याने स्वतःच्या हाताने तो खांब चिकटवला. मी सही केली. चार वाजता फ्लॅट पाहिला. बाल्कनी छान होती.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी तो लक्ष्मीबाई नगरला आमच्या दारात उभा. बायकोला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तेव्हा राहत होतो. वर्कशॉपमधल्या नव्या इंजिनिअरने त्याला ते पान वाचून दाखवलं होतं. तो आत आला नाही, पाणीही घेतलं नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. "बाबूजी, उस गाड़ी का पता दे दो. उसमें बच्चे बैठते होंगे," एवढंच म्हणाला. मी पत्ता लिहून दिला. बरोबर येतो, असं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

पुढचं मला मॅनेजरकडून कळलं. डेंटर त्या गाडीमालकाच्या दारात हात जोडून उभा राहिला. गाडी दोन दिवस द्या, खांब पुन्हा जोडून देतो, म्हणाला. मालकाने आतून माझ्या सहीचा कागद आणून त्याच्या तोंडासमोर धरला आणि वॉचमनला सांगून त्याला हाकलून दिलं. वर तक्रार केली. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं. "सनकी था, सर," मॅनेजर हसत हसत म्हणाला. मला आजही स्वतःची किळस येते ती एवढ्यासाठी, की त्याच्याबरोबर मीही हसलो.