माझ्या नावानं गेलेले मेसेज

माझी शाळा सातवीत सुटली. गाव हिंगोलीकडचं. पुढचे वर्ग दुसऱ्या गावात होते आणि तेवढं लांब मुलींना कोणी पाठवत नव्हतं. आता नवी मुंबईत, दिघ्यात राहून पंधरा वर्षं होतील. वर एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला जाते. नवरा एपीएमसीत कांद्याच्या गाळ्यावर. या शहरानं आम्हाला काम दिलं, मुलीला दहावीपर्यंत आणलं, म्हणून इथल्या कशालाच नावं ठेवायची मला भीती वाटते. मोबाईललासुद्धा. गावाकडची माझी आई मला त्यातच दिसते.

पण आमच्या कंपनीत मोबाईल आत चालत नाही. गेटवर जमा करायचा, जेवणाच्या सुट्टीत सही करून बघायचा. कशाला ती झंझट, म्हणून तो मी घरीच ठेवायला लागले. मुलीचा अभ्यास त्याच्यावर येतो आणि शाळेच्या फॉर्मवरही तोच नंबर. आमच्या गल्लीत सगळ्या बायकांनी असंच केलंय. नंबर आईचा, मोबाईल पोरांच्या हातात.

संध्याकाळी मी विचारायची, "शाळेतून काय आलं?" मेसेज इंग्रजीत असायचे, ती वाचून सांगायची. "उद्या जर्नल न्यायचंय." "शनिवारी लवकर सुटणार." मी बरं म्हणायची आणि कणीक मळायला घ्यायची.

जानेवारीत एक दिवस मशीन बंद पडलं आणि आम्हाला साडेदहालाच सोडलं. खाली घरमालकीण मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय गो, पोरीला बरा नाय का?"

"शाळेत गेलीय की, मावशी."

"कसली शाला! कालपन घरानच व्हती, आजपन हाय."

वर गेले तर ती युनिफॉर्म घालून झोपलेली. एक वेणी घातलेली, दुसरी तशीच सोडलेली. हलवलं तरी उठेना. ताप असेल म्हणून कपाळाला हात लावला, कपाळ गार. उशाचा मोबाईल उचलला आणि खाली मावशींच्या सुनेकडे नेला, ती बारावी शिकलेली आहे.

तिनं वाचून दाखवलं. सगळे वर्गाच्या मॅडमचे मेसेज होते, महिनाभराचे. मुलगी तासाला झोपते. मुलगी आज आली नाही. कृपया येऊन भेटा. आणि प्रत्येकाखाली उत्तर गेलेलं, माझ्या नावानं. तिला ताप आहे. आम्ही गावी आलोय. तुम्ही काळजी करता, त्याबद्दल आभारी आहे.

"वहिनी, इंग्लिश एक नंबर हाय तुमचा," सून हसली. मग माझं तोंड बघून परत मोबाईलकडे वळली.

खोटं कशाला सांगू, पोरगी एवढं चांगलं इंग्रजी लिहिते म्हणून मला क्षणभर बरंच वाटलं. मग सुनेनं शेवटचा मेसेज वाचला. हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. माझी शाळा लांब होती म्हणून सुटली. हिची तर चौकातून दिसते.

तिला उठवलं. मारायला हात उचलला होता, पण ती आधीच रडायला लागली. तिनं मोबाईलवरून सगळ्यांना बघायला टाकलेले फोटो दाखवले. तिचेच, पण गोरे, नाक बारीक केलेले. एकाखाली वर्गातल्या मुलीनं लिहिलं होतं, 'ही कोण गं? शाळेत तर वेगळीच येते.' त्याला बाकीच्यांची हसणारी तोंडं. रात्रभर ती हेच बघत बसायची, कोण काय बोललं, कोण हसलं. फोटो काढायची, परत टाकायची.

"शाळेत गेले की सगळ्यांना खरी मी दिसते, मम्मी."

"मग? खरी काय वाईट आहे?"

"नाक बघ ना माझं!"

नाक माझं आहे.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला घेऊन शाळेत गेले. मॅडम माझ्याहून लहान. म्हटलं, "ते मी लिहिलं नव्हतं. मला इंग्रजी येत नाही." त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची सरकवली. "बसा ना ताई. मी मराठीत लिहीत जाईन. मोबाईल तुमच्याजवळ ठेवा, अभ्यास मी वहीत देते." बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, "पाया पडायला कशाला वाकलीस गं? सगळे बघत होते." वाकले होते हे मला कळलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मोबाईल गेटवर जमा करून आत गेले. आता ती घरी एकटी, आणि शाळेत गेली की नाही हे कळायला मार्ग नाही. दोनदा खोक्यात माहितीचा कागद घालायचा राहिला, सुपरवायझर बोलला. सुट्टी झाली तशी डबा न उघडताच गेटवर गेले, सही केली.

मॅडमचा मेसेज होता. मराठीत, म्हणून मीच वाचला, एकेक शब्द. 'आली आहे. पण डोळे मिटतायत. घरी किती वाजता झोपते?'

आम्ही दोघं नवरा-बायको पहाटे उठणारी माणसं, नऊला आडवे होतो आणि मग मेल्यासारखे. ती खोलीच्या त्या टोकाला, पांघरुणात तोंड घालून. पोटची पोर किती वाजता झोपते हे मला ठाऊक नव्हतं. दहा वाजता, असं लिहिलं असतं तर मॅडमना खरं वाटलं असतं.

वॉचमन म्हणाला, "चलो, टाइम हो गया."

एका बोटानं टाईप केलं, 'माहीत नाही मॅडम. आज जागून बघते,' आणि मोबाईल त्याच्या हातात दिला.