वळवाचा ठोका

खरं सांगू? असले गूढ अनुभव मी इथं आजवर फक्त करमणूक म्हणून वाचले. दुपारच्या चहाबरोबर एखादा वाचायचा, "हा गडी रात्री जड जेवून झोपला असणार" म्हणायचं आणि पुढं जायचं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं मी. काडी न लावता होम पेटवून दाखवलाय, लिंबातनं लाल रस काढून दाखवलाय, आणि "बघा, यात चमत्कार काही नाही" हे पोरांकडून मोठ्यानं म्हणून घेतलंय. आता मीच इथं लिहायला बसलेय म्हटल्यावर माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू देत. हसतील त्यांचे दात दिसतील.

तर... आधी जागा नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सांगलीहून मिरजेला जाताना एक शाळा लागते. नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळेची इमारत पूर्वेला, तिच्यापुढं लांबलचक व्हरांडा, आणि व्हरांड्यासमोर मोकळं मुरमाचं मैदान. मैदान आणि व्हरांडा यांच्या मधोमध नारळाच्या झाडांची एक रांग, इमारतीपेक्षा उंच. मैदानातनं व्हरांड्यात यायचं तर त्या झाडांखालूनच यावं लागतं. हे लक्षात ठेवा.

या मैदानावर दर मे महिन्यात आम्ही नवरा-बायको उन्हाळी शिबिर घ्यायचो. आधी कराडला घ्यायचो, बदली झाल्यावर इथं. मी प्रयोग, ओरिगामी, गोष्टी वगैरे बघायची. आमचे हे खेळाचे शिक्षक. त्यांच्याकडं खो-खो, सूर्यनमस्कार आणि मुख्य म्हणजे लेझीम. घरात मी त्यांना 'अहो' म्हणायची आणि शाळेत 'सर', पण तिथंही बऱ्याचदा 'अहो'च निघून जायचं. आता मी घरातही 'सर'च म्हणते. 'अहो' म्हटलं की पुढं 'ओ' यायला पाहिजे असं वाटत राहतं.

सर लेझमीला स्वतः हलगी वाजवायचे. हलगी ठाऊक आहेच तुम्हाला, लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं. वाजवायच्या आधी ती शेकावी लागते, नाहीतर ओल्या पापडासारखी थप्प वाजते. सर उसाचं वाळलेलं पाचट गोळा करून आणायचे, मैदानाच्या कोपऱ्यात पेटवायचे आणि हलगी गोल फिरवत शेकत बसायचे. बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, परत शेकायची. मी म्हणायचे, "अहो, भाकरीसुद्धा एवढ्या मायेनं कुणी शेकत नाही." त्यावर नुसते हसायचे. शर्टांना पाचटाच्या धुराचा वास यायचा, धुऊनसुद्धा जायचा नाही.

त्यांचं गाव रहिमतपूरकडचं. लहानपणी वळवाच्या पावसात त्यांचा चुलतभाऊ शिवारातल्या आंब्याखाली जाऊन उभा राहिला आणि विजेनं गेला. सरांनी ते बघितलेलं. म्हणून शिबिरात त्यांनी एक खेळ काढला होता, 'वळवाचा ठोका'. लेझीम ऐन रंगात आली की मध्येच हलगीचा ठेका मोडायचे आणि एक वेगळाच बोल वाजवायचे. तो ऐकला की सगळ्यांनी लेझीम जमिनीवर ठेवायची, कारण तिला लोखंडी साखळी असते. मग तिच्यापासून लांब जायचं, एकमेकांत अंतर ठेवायचं, दोन्ही पावलं जोडून उकिडवं बसायचं आणि कान झाकायचे. जो शेवटी बसेल त्यानं सगळ्यांना ताक वाढायचं. पोरांना हा खेळ लेझमीपेक्षा आवडायचा.

मला मात्र तो फालतू वाटायचा. आभाळात एक ढग नसायचा आणि हे पोरांना बसवायचे. मी व्हरांड्यातनं ओरडायची, "अहो, उगीच काय उठाबशा काढायला लावताय?" माझा आवाज मोठा आहे. मिरज स्टेशनात ऐकू जातो असं शाळेत म्हणायचे. सर तिथनं म्हणायचे, "आगं, भीती म्हणून शिकवलं की ऐन वक्ताला इसरत्यात. खेळ म्हणून शिकवलं की अंगात ऱ्हातं." आणि घरी गेल्यावर वरनं एक टोमणा, "तू जरा तोंड मिटलंस तर तुलाबी ठोका कळंल."

मला कधीच कळला नाही. हलगी म्हणजे मला आपली एकच, ढांगचिक ढांगचिक.

तीन वर्षं होतील आता. दिवाळीनंतरची सकाळ होती, सर दाढी करत होते आणि तिथंच खाली बसले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. अर्ध्या गालावर साबण तसाच होता... तो मी पुसला.

मी विज्ञानाची बाई. माणूस गेला की गेला, हे मला पाठ आहे. पण खोटं कशाला बोलू? मी वाट बघत होते. स्वप्नात तरी यावं एवढीच अपेक्षा. नाही आले. गल्लीतल्या एका काकूंच्या स्वप्नात मात्र आले आणि म्हणे चहा मागितला! ती बाई मला हे कौतुकानं सांगायला आली होती. मला इतका राग आला... माझ्या घरात चहा नव्हता का?

शिबिर बंद करणार होते, पण पालक मागं लागले आणि घरी बसून तरी मी काय करणार होते? हलगी खेळाच्या सामानाच्या खोलीत खिळ्याला टांगली आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. लेझमीसाठी मोबाइलवर कुठल्यातरी पथकाचं रेकॉर्डिंग लावायचे, ब्लूटूथ स्पीकरवर. वळवाचा ठोका बंदच झाला, कारण तो वाजवणार कोण?

आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी समारोप होता, म्हणून संध्याकाळच्या वेळी मोठ्या गटाची लेझमीची तालीम ठेवली होती. दिवसभर अंगाची लाही होत होती. झाडाचं पान हलत नव्हतं. मी व्हरांड्यात ताकाचे ग्लास भरत होते. समोर पश्चिमेला लख्ख ऊन, त्यामुळे मी निर्धास्त. पण आभाळ माझ्या पाठीमागनं, मिरजेच्या बाजूनं भरून येत होतं, आणि मध्ये शाळेची इमारत. मला ते दिसलंच नाही. एकदम ऊन गेलं, धुळीचा लोट आला, ग्लास उडाले आणि डोक्यावर गडगडलं.

मी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बंद केलं, शिट्टी मारली आणि ओरडले, "आत या! पळा! सगळे आत या!"

पोरांनी लेझीम खाली ठेवली. मला वाटलं, आता पळत येतील. तर ती पळाली उलटीकडं! मैदानाच्या मधल्या भागात पांगली, आणि बघता बघता सगळी खाली बसली. पावलं जोडून, कान झाकून, माना खाली घालून. एकही पोर माझ्याकडं बघेना.

मी किती चिडले म्हणून सांगू! "ऐकू येत नाही का रे? आत या म्हणतेय ना!" घसा फाटेस्तोवर ओरडले. शेवटी एकेकाला धरून आणावं म्हणून व्हरांड्याची पायरी उतरले, आणि तेवढ्यात सगळं पांढरं झालं.

आवाज मला आठवत नाही. मी पायरीवर पडले होते, एवढं आठवतं. वर बघितलं तर मधल्या नारळाचा शेंडा पेटला होता आणि जळत्या झावळ्या खाली पडत होत्या. बरोबर त्याच वाटेवर, जिथनं मी पोरांना पळत यायला सांगत होते.

पुढं पाऊस कोसळला. नारळांना वळसा घालून, मागच्या दारानं पोरांना आत घेतलं. सगळी धडधाकट होती. मी एकेकाच्या डोक्यावरनं हात फिरवत होते आणि रडत होते, आणि तशातच रागावतही होते. जुनी सवय.

"मी एवढी ओरडत होते आणि तुम्ही बसलात कसे गं?" मी श्रेयाला विचारलं. ही नववीतली, सरांच्या वेळेपासून शिबिराला येणारी.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "मॅडम, ठोका दिला ना."

"कसला ठोका?"

"वळवाचा. सर द्यायचे तसाच. मला वाटलं तुम्हीच कुणालातरी वाजवायला सांगितलाय."

तिच्या शेजारी एक मुलगा होता, त्याच वर्षी नव्यानं आलेला. त्यानं सरांना बघितलंही नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, हलगी जवळच वाजत होती, पण वाजवणारा दिसला नाही. मग ताई बसली म्हणून मीपण बसलो."

मी त्यांना गप्प केलं. मनात म्हटलं, एकीनं म्हटलं की सगळ्यांना ऐकल्यासारखं वाटतं. हे मानसशास्त्र झालं, मीच शिकवलंय. एवढ्यात आमचे वॉचमन तात्या भिजत आले. ते गेटच्या खोलीत बसलेले, पोरांशी त्यांचं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. आल्या आल्या म्हणाले, "बाई, हलगी कोण वाजवाय लागलंय हो? सर गेल्यापासनं आज कवा नाय ती ऐकली, म्हनून भायेर आलो तर पोरं समदी खाली बसल्याली."

मी म्हटलं, "तात्या, मला नाही ऐकू आली."

तात्या ओला टॉवेल पिळत सहज म्हणाले, "आवं, तुमी वरडत हुता न्हवं."

त्यांच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. पण ते वाक्य अजून माझ्या आतून जात नाही.

मी खोलीकडं गेले. कुलूप जसंच्या तसं. उघडलं. हलगी खिळ्यालाच होती, वाजवायच्या दोन्ही काड्या वरच्या फळीवर, त्यांच्यावरची धूळही तशीच. मी हलगीला हात लावला तर कातडं गरम. टिचकी मारली... टण्ण! शेकून आणल्यासारखी खणखणीत ताणलेली. बाहेर धो धो पाऊस, हवेत ओल, आणि ही अशी.

आता तुम्ही म्हणाल, खोलीला पत्रा आहे, दिवसभर तापला, कातडं ताणलं. हो, मीही तेच म्हटलं. ते पटतंसुद्धा. पण पत्रा हलगी ताणेल, वाजवेल कशी? स्पीकरचं म्हणाल तर मोबाइल माझ्या हातात होता, बंद केलेला, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये सरांचा ठोका असायचं कारणच नाही. ढग गडगडतात हे खरं, पण पोरांना पाठ असलेल्या बोलात गडगडतात का? यातलं एकेक मी वर्षभर तपासून बघितलंय. उत्तर मिळालेलं नाही.

पण मला उत्तर न मिळाल्याचं दुःख नाही हो. माझं दुःख वेगळंच आहे. मैदानावरच्या प्रत्येक पोराला ऐकू आलं. ज्यानं सरांना पाहिलंही नाही त्याला आलं, गेटवरच्या तात्यांना आलं. ज्या बाईनं त्या एका आवाजासाठी कान लावून दीड-दोन वर्षं काढली, ती तेवढी ओरडत होती.

चार दिवसांनी मी श्रेयाला घरी बोलावलं. म्हटलं, "मला तो ठोका वाजवून दाखव." तिनं जेवणाच्या टेबलावर बोटांनी वाजवला. किती साधा होता! एवढी वर्षं माझ्यासमोर वाजत होता आणि मी नीट ऐकला नव्हता. तिला परत वाजवायला लावला, परत परत. पोरगी कंटाळली शेवटी. "मॅडम, आता आला की तुम्हाला!"

आला. या वर्षी शिबिरात हलगी मीच वाजवते. पाचट आणून शेकायलाही शिकले, एकदा कड जाळून ठेवली. ठेका अजून कच्चा आहे, पोरं गालातल्या गालात हसतात, पण वळवाचा ठोका पक्का बसलाय. खेळ म्हणूनच शिकवलाय, आणि शेवटचा बसेल त्याला ताक वाढायला लावते. व्हरांड्यात यायची वाटही आता नारळांपासून लांबून काढून घेतलीय.

गेल्या आठवड्यात दुपारनंतर असंच आभाळ भरून आलं. यंदा मी वेळेत बघितलं. पोरांना आत घेतलं, हजेरी घेतली, तात्यांना दाराशी उभं केलं. मग हलगी टेबलावर ठेवली, गळ्यातली शिट्टी काढून तिच्याशेजारी ठेवली आणि व्हरांड्याच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिले. तोंड घट्ट मिटून. वारा सुटला, टपोरे थेंब पडायला लागले, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. मी त्या सगळ्याच्या पलीकडचं ऐकायचा प्रयत्न करत होते.

पाठीमागनं तात्यांनी हाक मारली, "बाई, भिजाय लागलाय की! आत या."

मी ओ दिली नाही. नुसता हात वर करून त्यांना गप्प राहायला सांगितलं.