वाढलेली काच

मालतीकाकूंच्या घरात काच कधी फुटत नसे. ती वाढत असे. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हे आपल्या बायकांना ठाऊक असतं. काकू मात्र बरणी, पेला, चिमणीची काच, सगळ्यांनाच तो शब्द लावायच्या. "फुटली म्हटलं की संपली. माझ्याकडे काही संपत नाही," म्हणत तुकडे वेचून पोत्यात टाकायच्या.

इकडे हिंदी मुलखात, सिव्हिल लाइन्समध्ये आमच्या दोघींची घरं शेजारी. मी चार बायकांत तोंड न उघडणारी. म्हणूनच की काय, काकू मला सगळीकडे ओढत न्यायच्या.

त्यांच्या स्वयंपाकघरातला जुना ओटा खचला. काका म्हणाले, "ग्रॅनाइट बसवू."

"कशाला डोंगर फोडायचा? घरात पोतंभर काच आहे. सिमेंटात घालून घासून घेऊ." असा ओटा त्या कुठेतरी पाहून आल्या होत्या.

"बरं. पण एक जरी तडा दिसला, तर ग्रॅनाइट."

"कबूल!"

काच थोडी कमी वाटली, म्हणून आम्ही सदर बाजारच्या भंगारवाल्या कबाडीकडून दारूच्या हिरव्या बाटल्या आणल्या. मी पदर पार नाकापर्यंत ओढला होता. पोत्याचा खळखळाट ऐकून ऑटोवाल्याने विचारलं, "माताजी, पार्टी थी क्या?"

"हाँ भैया, हमारे यहाँ रोज रहती है!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दारू पिणाऱ्याची, काच माझी."

गवंडी आला. घरातल्या काचेचा चुरा त्याला देऊन झाल्यावर काकूंनी बाटल्यांचं पोतं दाखवलं. "भैया, ये भी बढ़ा देना," असं सांगून त्या देवळात गेल्या. त्यांच्या मनात होतं, बाटल्या फोडून ठेव, ओट्याला कमी पडेल तेवढी काच घाल, उरलेली न्हाणीघराच्या फरशीला होईल. परत येऊन पाहतात तर पोतं रिकामं, आणि ओट्यात सिमेंट कमी, काचच जास्त.

"अरे, ये क्या किया?"

"अम्माजी, आपई ने तो कई ती, बढ़ा दो! हमने सब बढ़ा दई."

काका दारात उभे राहून पोट धरून हसले. "झालं! मी ग्रॅनाइट बघून ठेवतो."

काकू हसल्या नाहीत. ओल्या पोत्यांखाली ओटा पक्का होईपर्यंत त्या रोज त्यावर पाणी शिंपडायच्या आणि हळूच हात ठेवून बघायच्या, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "धरेल ना गं?" मला विचारायच्या. मी नुसती मान हलवायची.

घासायचं मशीन लागलं. पांढरा चिखल धुऊन काढला, आणि खिडकीतलं ऊन थेट हिरव्या काचेत शिरलं. मधे कुठे बांगडीचा लाल तुकडा, कुठे निळा. काका चष्मा लावून, वाकून तडा शोधू लागले. काकूंना धीर निघेना. स्टुलावर पाय ठेवून त्या सरळ ओट्यावरच चढून उभ्या राहिल्या.

"बघा, वाढला का?"

"नाही गं बाई! आता उतर, नाहीतर तूच वाढशील!"

मी इतक्या मोठ्याने हसले की माझं मलाच नवल वाटलं.

पुढे दोघं लेकाकडे पुण्याला राहायला गेली. जाताना काकूंनी उरलेलं रिकामं पोतं माझ्या हातात दिलं.

परवा माझ्या सुनेच्या हातून पेला निसटला. "मम्मी, टूट गया!"

"वाढला म्हणावं," मी म्हटलं.

"बढ़कर जाएगा कहाँ?" तिने विचारलं.

मी पोत्याचं तोंड उघडून धरलं. अर्धं भरलं आहे.